सभागृहाची अट

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत वाङ्मय मंडळ असते, विज्ञान मंडळ असते, राष्ट्रीय सेवा योजना असते, कोठे कोठे निसर्ग मंडळही असते. राजकीय चर्चा मंडळ मात्र सहसा आढळत नाही. चार विद्यार्थ्यांनी तसे मंडळ काढण्याची इच्छा व्यक्त केलीच, तर शिक्षकांच्या खोलीत प्रथम उच्चारले जाणारे वाक्य ठरलेले असते : चर्चा अवश्य करा, पण राजकारण नको. हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा सज्जन असतो आणि विद्यार्थ्यांचे हितच चिंतीत असतो. तथापि या वाक्याला एक इतिहास आहे आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण त्यातील पात्रे पुष्कळशी आपल्याच क्षेत्रातली आहेत. कवी असलेले शिक्षक, शेक्सपिअर शिकवण्यासाठी नावाजलेले प्राचार्य, पुढे कादंबरीकार झालेले चिटणीस, व्याकरणकार अध्यक्ष अशी ही मंडळी आहेत.

आरंभ कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजपासून करावा लागतो. हे कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी सुरू झाले. ते सरकारने काढले नव्हते. कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांनी वर्गणी जमवून आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून ते काढले आणि व्यवस्थापक मंडळातही मुख्यतः तेच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे, कारण पुढे जे निर्बंध आले ते प्रथम साहेबाने घातले असा आपला समज असतो. १८२६ साली या कॉलेजात हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हा अवघ्या सतरा वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून आला. तो इंग्रजीत कविता लिहीत असे. इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकवीत असे. वर्गाचा तास संपला तरी त्याचे बोलणे संपत नसे आणि मुलेही उठत नसत. त्या न संपणाऱ्या बोलण्यातूनच १८२८ साली ‘अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन’ उभी राहिली. माणिकतल्याच्या एका बागबंगल्यात तिच्या बैठका होत. दैव श्रेष्ठ की पुरुषार्थ, ईश्वर आहे की नाही, मूर्तिपूजा, पुरोहितवर्ग, देशप्रेम असे विषय असत. विषयांची ही यादी वाचताना आज ती आपल्याला तत्त्वज्ञानाची वाटेल. परंतु ज्या समाजात पुरोहित आणि पिता हेच पहिले शासन होते, तेथे ती राजकारणाचीच यादी होती. डेव्हिड हेअर यांच्यासारखा शहरातील मान्यवर माणूस या पोरसवदा मुलांचे वाद ऐकायला तेथे येऊन बसत असे.

१८३० साली कॉलेजच्या व्यवस्थापकांनी एक हुकूम काढला. राजकीय आणि धार्मिक चर्चा चालणाऱ्या सभांना आपले काही विद्यार्थी जातात असे आमच्या कानांवर आले आहे, ही गोष्ट आम्हांला अत्यंत नापसंत आहे आणि ती यापुढे बंद व्हावी, असा त्याचा आशय होता. ‘राजकीय आणि धार्मिक’ हे दोन शब्द या देशातील महाविद्यालयीन निर्बंधांत जोडीने येऊ लागतात ते येथून, असे आमचे मत आहे. हुकूम देशी गृहस्थांच्या मंडळाचा होता आणि त्यामागची भीती पालकांची होती.

पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. २३ एप्रिल १८३१ रोजी डेरोझिओबद्दल निर्णय घेण्यासाठी व्यवस्थापकांची सभा भरली. तरुणांची मने बिघडवणारा म्हणून हा मनुष्य अयोग्य आहे काय, असा पहिला प्रश्न होता. बहुसंख्य सभासदांना तसे वाटले नाही. मग दुसरा प्रश्न आला : कलकत्त्याच्या हिंदू समाजाची सध्याची भावना पाहता त्याला दूर करणे इष्ट आहे काय? येथे बहुमत उलटले. संस्कृतचे पंडित होरेस हेमन विल्सन आणि डेव्हिड हेअर यांनी, हा देशी लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे असे म्हणून, मत देण्याचेच टाळले. दोष सिद्ध झाला नाही, पण वातावरण पाहता माणूस नको : ही युक्ती किती जुनी आहे हे पाहून आम्हांला तरी नवल वाटले. डेरोझिओने २५ एप्रिलला राजीनामा दिला. चौकशी न करता, मला न ऐकता तुम्ही निर्णय घेतलात, ही त्याची तक्रार होती.

त्याने विल्सन यांना या प्रसंगी लिहिलेले पत्र आम्ही अध्यापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात आनंदाने लावू. ईश्वराविषयी शंका घेणारे ह्यूमचे युक्तिवाद मी मुलांना सांगितले हे खरे, असे तो मान्य करतो; पण त्याच श्वासात त्यांना रीड आणि ड्यूगाल्ड स्ट्यूअर्ट यांची उत्तरेही सांगितली, हे तो नोंदवतो. एकच बाजू ऐकवून मुलांना हटवादी बनवणे मला योग्य वाटले नाही, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ. चर्चा मंडळाची याहून सोपी व्याख्या आम्हांला सुचत नाही. त्याच वर्षी २६ डिसेंबरला पटकीने त्याचा अंत झाला. वय बावीस.

डेरोझिओचे विद्यार्थी मात्र होतेच. १८३८ साली त्यांनी ‘सोसायटी फॉर दि अ‍ॅक्विझिशन ऑफ जनरल नॉलेज’, बंगालीत ‘साधारण ज्ञानोपार्जिका सभा’, स्थापन केली. ताराचंद चक्रवर्ती अध्यक्ष, रामगोपाल घोष उपाध्यक्ष, आणि रामतनू लाहिरी व प्यारीचाँद मित्र हे चिटणीस. हेच प्यारीचाँद पुढे ‘आलालेर घरेर दुलाल’ लिहून बंगाली कादंबरीच्या आरंभकाळात जाऊन बसले. सभासद बहुतेक कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. तेव्हा काटेकोर अर्थाने हे विद्यार्थी मंडळ नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण बैठका कॉलेजच्याच सभागृहात होत, आणि आपल्या कथेचे मर्म तेथेच आहे.

नावात ‘सामान्य ज्ञान’ असे निरुपद्रवी शब्द घातल्यामुळे सभागृह मिळाले असावे, हा आमचा तर्क. मात्र या सभेपुढे वाचले गेलेले निबंध पाहावेत. कृष्णमोहन बॅनर्जी इतिहासाच्या अभ्यासाचे महत्त्व सांगतात. महेशचंद्र देव हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर वाचतात. उदयचंद्र आढ्य बंगाली भाषा नीट शिकण्याची आवश्यकता प्रतिपादतात, तेही बंगालीतूनच. कोणी बांकुरा जिल्ह्याचे वर्णन करतो, कोणी चितगावचे. ज्ञानोपार्जन चालले आहे, कोणाची हरकत नाही. परंतु जिल्ह्याचे वर्णन करू लागलेला माणूस केव्हा तरी त्या जिल्ह्याच्या कचेरीपाशी आणि पोलीस ठाण्यापाशी पोहोचणारच.

तो दिवस ८ फेब्रुवारी १८४३. दक्षिणारंजन मुखर्जी निबंध वाचायला उभे राहिले. बंगाल इलाख्यातील कंपनी सरकारची फौजदारी न्यायव्यवस्था आणि पोलीस यांची सद्यःस्थिती, हा विषय. श्रोत्यांत हिंदू कॉलेजचे प्राचार्य कॅप्टन डेव्हिड लेस्टर रिचर्डसन बसले होते. रिचर्डसन हा कोणी दंडुकेशाही अधिकारी नव्हता हे लक्षात घेतले पाहिजे. तो कवी होता, समीक्षक होता, आणि त्याचे शेक्सपिअरचे वाचन ऐकलेल्या मेकॉलेने, हिंदुस्थानातले बाकी सारे विसरेन पण हे विसरणार नाही, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचे सांगतात. निबंध बराच पुढे गेल्यावर या रसिक प्राचार्याला राहवेना. तो मध्येच उठला आणि म्हणाला की ज्या सरकारने तुम्हांला शिक्षण दिले त्याच्याच निंदेसाठी ही जागा वापरली जात आहे. हे सभागृह राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही.

सीझर, ब्रूटस, मॅक्बेथ, रिचर्ड हे सारे ज्याने मुलांना समजावून दिले, त्याला मुलांनी पोलिसांवर लिहिलेला निबंध सोसला नाही, यावर एखादा नाट्यसमीक्षक बराच वेळ बोलू शकेल. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते यानंतर अध्यक्षस्थानावरून आलेले उत्तर. ताराचंद चक्रवर्तींनी राजकारणाच्या बाजूने भाषण केले नाही. निबंधातील मते बरोबर की चूक, याला त्यांनी स्पर्शही केला नाही. ते जे म्हणाले त्याचा सारांश असा : कॅप्टन रिचर्डसन, आपण येथे पाहुणे आहात. या सभेच्या सभासदाला बोलताना अडवण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे सभागृह आम्हांला कॉलेजच्या समितीने दिले आहे, आपण व्यक्तिशः दिलेले नाही. आपले वर्तन हा सभेचा अपमान आहे असे मी मानतो. आपण शब्द मागे घेतले नाहीत तर आम्ही समितीकडे, आणि जरूर तर सरकारकडे, दाद मागू.

दक्षिणारंजनांचा निबंध धीट होता यात शंका नाही. पण त्या सायंकाळचे अधिक राजकीय विधान आमच्या मते अध्यक्षांचे होते. सभागृह कोणाचे, ते कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले, अध्यक्ष कोण, पाहुणा कोण, आणि मतभेद झाल्यास दाद कोठे मागायची : एवढ्या प्रश्नांची उत्तरे ताराचंदांना तोंडपाठ होती, म्हणून ते प्राचार्यापुढे उभे राहू शकले. विद्यार्थ्याने राज्यशास्त्रात शिकावयाचे ते याहून फारसे निराळे नसते.

निबंध पुढील मार्चमध्ये ‘बेंगॉल हरकारू’ या वृत्तपत्रात दोन दिवस छापून आला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी या गटाला ताराचंदांच्या नावावरून ‘चक्रवर्ती फॅक्शन’ असे कुत्सित नाव दिले. द्वारकानाथ टागोरांबरोबर नुकतेच कलकत्त्यास आलेले, गुलामगिरीविरोधी चळवळीतले वक्ते जॉर्ज थॉम्प्सन यांच्याशी या तरुणांचे सूत जुळले. त्यांची व्याख्याने कॉलेजबाहेर, फौजदारी बालाखान्यात झाली. २० एप्रिल १८४३ रोजी ‘बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली : अध्यक्ष थॉम्प्सन, चिटणीस प्यारीचाँद मित्र. १८५१ साली ती ‘ब्रिटिश इंडियन असोसिएशन’मध्ये विलीन झाली. दक्षिणारंजनांनी पुढे बेथून यांच्या मुलींच्या शाळेसाठी जागा दिली.

जाता जाता एक योगायोग नोंदवावा असा आहे. रिचर्डसनचा लाडका विद्यार्थी, कवी होण्याच्या ध्यासाने पछाडलेला मधुसूदन दत्त, दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ९ फेब्रुवारी १८४३ रोजी ख्रिस्ती झाला आणि त्यामुळे त्याला हिंदू कॉलेज सोडावे लागले. आदल्या दिवशी राजकारण, दुसऱ्या दिवशी धर्म. १८३० च्या हुकुमातील दोन्ही शब्द चोवीस तासांत खरे झाले. व्यवस्थापकांची त्या आठवड्यात झोप उडाली असेल.

हा निर्बंध पारतंत्र्यामुळेच आला, असे मानण्याचा मोह होतो. पण खुद्द केंब्रिजमध्ये १८१५ साली विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली वादसभा, ‘केंब्रिज युनियन’, १८१७ साली कुलगुरूंनी बंद पाडली होती. कुलगुरूंचा निरोप घेऊन विद्यापीठाचे अधिकारी आले तेव्हा अध्यक्ष असलेल्या विल्यम ह्यूएलने, आधी परक्यांनी बाहेर जावे, मग सभा या निरोपाचा विचार करील, असे सांगितल्याची आख्यायिका आहे. हाच ह्यूएल उत्तरायुष्यात ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला. १८२१ साली सभा पुन्हा सुरू झाली ती चालू राजकारणावर बोलायचे नाही या अटीवर. तेव्हा विद्यार्थ्यांनी प्रश्न भूतकाळात घालून विचारण्याची पळवाट काढली. त्या काळी मेकॉले तेथे शिकत होता. सत्ता आजची, क्रियापद कालचे! इतिहास या विषयाची ही सोय आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही लवकरच कळली, ते पुढे येईलच.

आता मुंबईकडे वळू. १३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी, प्रा. पॅटन यांच्या पुढाकाराने, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. येथे धर्म आणि राजकारण हे दोन्ही विषय चर्चेतून वगळलेले होते. तेच दोन शब्द, तीच जोडी. परंतु कलकत्त्यात हुकूम वरून आला होता. मुंबईत मात्र मंडळाने ही मर्यादा आरंभीच स्वतःवर घालून घेतली.

याला भित्रेपणा म्हणण्याची घाई करू नये. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी धर्मांतर केल्यापासून मुंबईतील पालक धास्तावलेले होते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाचे प्रकरण झाले : न्यायालयाने त्याला मिशनऱ्यांकडून वडिलांच्या स्वाधीन केले, आणि मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर शहर दुभंगले. त्याच्या बाजूने उभे राहिलेले बाळशास्त्री जांभेकर याच एल्फिन्स्टनचे शिक्षक होते. पाच वर्षांपूर्वीचा तो वणवा आठवत असलेल्या माणसांनी धर्म हा विषय बाहेर ठेवला नसता, तर पारशी आणि हिंदू मुले एका सभेत बसलीच नसती.

या मर्यादेचे फळ कोणते? १८४९ साली या सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि स्वतः विनावेतन शिकवले. त्यांत दादाभाई नौरोजी होते. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले. मराठी निबंध शास्त्र, भूगोल, भाषा, आरोग्य अशा विषयांवर शांतपणे, आवाज न चढवता बोलायला शिकला तो बव्हंशी अशा मासिकांच्या पानांवर. आपल्या गद्याच्या इतिहासात आपण चिपळूणकरांच्या तेजाने इतके दिपून जातो की या सौम्य पूर्वसूरींकडे दुर्लक्ष होते. ही तक्रार आम्ही अन्यत्रही केली आहे; असो.

मर्यादेची किंमतही होती. राजकारणाची चर्चा मुंबईत होत नव्हती असे नाही, ती सभागृहाबाहेर आणि बहुधा टोपणनावाने होत होती. १८४१ साली ‘बाँबे गॅझेट’मध्ये ‘ए हिंदू’ या सहीने कंपनीच्या राज्यावर, येथील संपत्ती बाहेर जाण्यावर जळजळीत पत्रे येऊन गेली होती. त्यांचे लेखक भास्कर पांडुरंग तर्खडकर, म्हणजे दादोबांचे सख्खे बंधू. एकाच घरात एक भाऊ टोपणनावाने राजकारण लिहितो आणि दुसरा राजकारण वगळणाऱ्या सभेचे अध्यक्षपद भूषवतो. सभेच्या स्थापनेच्या वर्षीच भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे येऊ लागली, त्यांचा लेखक सरकारी नोकर असल्यामुळे ‘लोकहितवादी’ झाला. टोपणनावामागून बोलणाऱ्याला उलटतपासणी होत नाही. समोर बसलेल्या माणसाने उभे राहून ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची जी शिस्त डेरोझिओच्या मंडळात होती, ती आपल्या आरंभीच्या राजकीय लेखनाला लाभली नाही. आपल्या वादांना पुढे जी एकतर्फी प्रवचनाची सवय लागली तिचे एक मूळ येथे असू शकेल.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी ‘बाँबे असोसिएशन’ स्थापन झाली. पुढारीपण नाना शंकरशेट यांचे. परंतु काम करणाऱ्या हातांत दादाभाई, डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी हे एल्फिन्स्टनचेच लोक होते. १८५३ साली कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण व्हायचे होते, त्यासाठी या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. चार वर्षे ज्यांनी राजकारण वगळून सभा चालवली, इतिवृत्त लिहिले, वर्गणीचा हिशेब ठेवला, प्रतिपक्षाचे ऐकून घेतले, त्यांनाच राजकीय संस्था चालवता आली. मुंबईकरांनी ताराचंदांसारखे उत्तर कोणाला दिले नाही. पण ताराचंदांना जी कार्यपद्धती अवगत होती ती त्यांनीही कमावली होती.

यानंतर दहा-बारा वर्षांनी त्याच एल्फिन्स्टनमध्ये तरुण महादेव गोविंद रानडे यांनी एक निबंध लिहिला. विषय इतिहासाचा होता. पण त्यात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे दाखवले होते. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी, जी व्यवस्था तुला शिक्षण देते तिचीच निंदा करू नये, असे बजावले आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली, अशी हकीकत रानड्यांच्या चरित्रांत येते. ग्रँट हे अ‍ॅरिस्टॉटलचे नामांकित अभ्यासक. रिचर्डसन शेक्सपिअरचे, ग्रँट अ‍ॅरिस्टॉटलचे, आणि दोघांचे वाक्य जवळजवळ एकच. भूतकाळी क्रियापदाची केंब्रिजमधील पळवाट मुंबईत चालली नाही, कारण येथील प्राचार्याला व्याकरण चांगले येत होते.

१९०५ साली बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले, विद्यार्थ्यांच्या राजकारणाबद्दल शाळा-कॉलेजांचे अनुदान आणि मान्यता काढून घेण्याची धमकी आली, आणि त्यातून राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ उभी राहिली. ती कथा सर्वपरिचित असल्याने येथे सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळावर निवडणुकीऐवजी गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २००६ साली लिंगडोह समितीने विद्यार्थ्यांच्या निवडणुका राजकीय पक्षांपासून वेगळ्या ठेवण्याची शिफारस केली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. हे सारे निवडणुकीविषयी आणि पक्षांविषयी आहे. चर्चेला यांपैकी कशानेही मनाई केलेली नाही. तरीही आमच्या पाहण्यातील महाविद्यालयांत ‘राजकारण नको’ या वाक्याचा अर्थ पक्ष नको, निवडणूक नको एवढ्यावर न थांबता, पाणी, भाडे, पोलीस, परीक्षा, आरक्षण यांपैकी काहीच नको, येथपर्यंत सैल होत जातो. मग वाङ्मय मंडळात विद्यार्थी दलित आत्मकथने वाचतात, त्यांवर टिपा लिहितात, गुण मिळवतात. गावच्या पाणवठ्याचा प्रश्न मात्र ‘विषयाबाहेरचा’ ठरतो. रिचर्डसनच्या वर्गाशी असलेले हे साम्य आम्हां मराठीच्या शिक्षकांना अस्वस्थ करणारे आहे.

ज्या विद्यार्थ्यांना असे मंडळ काढायचे आहे त्यांनी जाहीरनाम्याआधी महाविद्यालयातील मंडळांची छापील घटना मागून वाचावी. तीत बहुतेक ठिकाणी एक कलम असते : प्राचार्य हे पदसिद्ध अध्यक्ष राहतील. ताराचंदांच्या सभेत प्राचार्य पाहुणा होता, हा फरक तेथे दिसेल. कलम बदलणे शक्य नसेल, तर बैठकीपुरता अध्यक्ष विद्यार्थ्यांतून निवडण्याची सोय करून घ्यावी. सभागृहाची परवानगी लेखी घ्यावी आणि तीवर कोणाची सही आहे हे पाहून ठेवावे. दोन्ही बाजू मांडल्या जातील अशी खबरदारी घ्यावी, म्हणजे डेरोझिओच्या पत्रातला बचाव हाताशी राहतो. नाव ‘सामान्य ज्ञान मंडळ’ ठेवले तरी आमची हरकत नाही. पहिल्या बैठकीला विषय सुचत नसेल तर आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा घ्यावा : तेथे तक्रार कशी नोंदवली जाते, कोणाची नोंदवली जात नाही, याचा निबंध एखाद्याने तयार करावा, आणि ठाण्यातील अधिकाऱ्यालाही ऐकायला बोलवावे.